जुन्या जीप-जिप्सीचा गिअरबॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती जिप्सी (चार गिअरची जुनी आणि १९९६ नंतरची पाच गिअरची १.३ लिटर) आणि महिंद्राची टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स व डाना १८ ट्रान्सफर (बॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) असलेली जुनी जीप, या गाड्यांबद्दल दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतचे मालक जे विचारतात ते इथे आहे. आकडे जिथे गाडीनुसार बदलतात तिथे गाडीचे नाव दिले आहे. एका गाडीचे माप दुसरीला लावू नका.

१. गिअर टाकताना कर्रर्र वाजतं. मेकॅनिक म्हणतो बॉक्स उतरवावा लागेल. खरंच लागेल का?

आधी क्लच तपासा. गाडी सपाटीवर उभी, इंजिन आयडलवर. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंगची रचना) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. शांत पडला तर क्लच नीट सुटतोय. पाच आकडे थांबूनही वाजला तर क्लच अर्धवट सुटतोय आणि बॉक्स बिचारा फुकट बदनाम होतोय.

जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, जड होते आणि खेचली की पूर्ण सरकत नाही. पेडलचा मोकळा प्ले साधारण २० ते ३० मिमी असावा. तो जास्त असेल तर आधी जुळवा, केबल जड असेल तर बदला. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेलीही असते.

रिव्हर्स शांत पडतो, पण चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा टाकताना वाजतो, असं असेल तर सिंक्रो रिंग झिजली आहे. प्रश्न ७ पाहा.

२. माझ्या जुन्या जीपचा पहिला गिअर चालत्या गाडीत कधीच शांत पडत नाही. काय बदलू?

काही नाही. टी-९० मध्ये पहिल्या आणि रिव्हर्सला सिंक्रो मुळातच नाही, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. गाडी पूर्ण थांबवून टाका, किंवा डबल क्लच शिका: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, परत क्लच दाबून पहिला. जोर लावून टाकत राहिलात तर पहिल्या गिअरच्या दातांची टोकं गोल होतात, मग तो उभ्या गाडीतही नीट धरत नाही आणि तेव्हा मात्र बदलावाच लागतो.

३. आवाज येतो, पण नेमका कुठून ते कळत नाही. न खोलता कसं ओळखायचं?

कानाने बरंच कळतं, फक्त क्रम पाळा.

उभ्या गाडीत, न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: टॉप शाफ्टचं (क्लचमधून बॉक्समध्ये येणारा) किंवा काउंटर शाफ्टचं (त्याच्या दातांवर फिरणारा खालचा) बेअरिंग. उलट, क्लच दाबला की आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग. यात बॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही.

एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्याच गिअरची जोडी. सगळ्या गिअरमध्ये आहे पण पाच गिअरच्या जिप्सीत चौथ्याला, किंवा टी-९० मध्ये तिसऱ्याला, जवळजवळ गायब होतो? हे डायरेक्ट गिअर आहेत, ताकद टॉप शाफ्टमधून थेट बाहेर जाते, त्यात काउंटर शाफ्टवर भार येत नाही. म्हणजे दोष काउंटर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा दातांत आहे.

गिअर कुठलाही असो, आवाज फक्त गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि उतारावर न्यूट्रल केला तरी राहतो, तर बॉक्स सोडून ट्रान्सफर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरेन्शियल पाहा. ही चाचणी रिकाम्या, सरळ, सौम्य उतारावर दोन-चार सेकंदच करा. आंबा किंवा करूळ घाटात न्यूट्रल करून बघायला जाऊ नका.

४. ट्रान्सफर सतत गुणगुणतो. हे नॉर्मल आहे का?

थोडं आहे. जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये हाय रेंजलाही ताकद काउंटर गिअरमधूनच जाते, १.३ च्या गाडीत १.४०९ च्या गुणोत्तराने. डाना १८ मध्येही टू-व्हीलला मधल्या इंटरमीडिएट गिअरमधूनच जाते. म्हणजे हे दात गाडी चालेल तितकं चालतात आणि किंचित गातातही.

गुणगुणणं वाढून हंबरणं झालं, किंवा अॅक्सलरेटर सोडल्यावर सूर बदलून खडखड आली, तर खोला. डाना १८ मध्ये दहापैकी बऱ्याच वेळा इंटरमीडिएट शाफ्ट सापडतो: तो स्थिर असतो, गिअर त्याच्यावर नीडल रोलरवर फिरतो, आणि भार एकाच बाजूला येत असल्याने शाफ्ट एका अंगाने खाल्ला जातो. नख फिरवलं तरी पायरी लागते. शाफ्ट, नीडल आणि थ्रस्ट वॉशर एकत्रच बदला. मात्र हा शाफ्ट वेगवेगळ्या काळात ३/४, १ १/८ आणि १ १/४ इंच अशा तीन जाडीत आला आहे. जुना शाफ्ट व्हर्नियरने मोजल्याशिवाय दुकानात फोन करू नका.

जिप्सीत आधी ट्रान्सफरचे तीन रबर माउंट पाहा. एक तुटला तरी बॉक्स आणि ट्रान्सफरमधला छोटा शाफ्ट तिरका चालतो आणि सगळा दोष ट्रान्सफरवर येतो.

५. घाट उतरताना गिअर उडतो. सिंक्रो गेला का?

सिंक्रोचा याच्याशी सहसा संबंध नाही. उतारावर इंजिन ब्रेकिंगमध्ये भार उलट्या बाजूने येतो आणि स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) मागे सरकते. ती का सरकते, याची कारणं स्वस्तापासून महागापर्यंत अशी शोधा.

माउंट आणि बेल हाउसिंगचे बोल्ट: रबर तेलाने फुगलं असेल तर बॉक्स झुकतो आणि लिव्हर स्वतःच ओढला जातो. मग लिव्हरचं तळातलं बुश. मग डिटेंटचे (गिअर जागेवर धरून ठेवणारे) गोळे आणि स्प्रिंग, जे बॉक्स न उतरवता काढता येतात: स्प्रिंग नव्याशी लांबी जुळवून पाहा, गोळा गंजून खड्डे पडला असेल तर टाका. इथवर काही नसेल तर आत जावं लागतं.

आत सगळ्यात आधी फोर्क (स्लीव्ह सरकवणारा चिमटा). फोर्क आणि स्लीव्हच्या खाचेतलं अंतर जिप्सीत १ मिमीच्या वर गेलं की गिअर पूर्ण आत जात नाही, अर्ध्या दातावर चालतो. त्यानंतर स्लीव्ह आणि ती ज्यांत अडकते ते गिअरचे छोटे डॉग दात. नव्या दाताला मागे किंचित उलटा उतार असतो, भार आला की तो स्लीव्हला आत ओढतो. झिजलेल्या दाताला हा उतार राहत नाही, कडा चकचकीत गोल दिसते. तिथे स्लीव्ह, हब आणि तो गिअर एकत्र बदला. नुसती स्लीव्ह बदलली तर दोन-चार महिन्यांत परत येता.

टी-९० चा दुसरा गिअर उडत असेल तर क्लस्टर गिअरचा (काउंटर शाफ्टवरचा एकसंध गिअरसंच) एंड प्ले, म्हणजे मागेपुढे हलण्याची मोकळीक, मोजा. तो ०.३० ते ०.४६ मिमी असायला हवा. थ्रस्ट वॉशर झिजून तो वाढला की क्लस्टर मागेपुढे नाचतो आणि दुसरा सोडतो.

६. कोणतं ऑइल आणि किती? एक म्हणतो जीएल-५ भारी असतं.

जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-५ डिफरेन्शियलसाठी चांगलं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ घाला, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ मधली जास्तीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं बऱ्याच ऑइलमध्ये पितळी रिंगला खातात, आणि ते निसरडं असल्याने सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या उतरत्या भागावर) पकड घेऊ शकत नाही. "ऑइल बदललं आणि गिअर जड झाले" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

पाच गिअरच्या जिप्सीला बॉक्समध्ये १.३ लिटर, ट्रान्सफरमध्ये ०.८ लिटर. जीपला फिलर प्लगच्या कडेपर्यंत, गाडी सपाटीवर असताना. एक नियम सगळ्यांना: आधी फिलर प्लग उघडा, तो सुटतो याची खात्री झाली की मगच ड्रेन प्लग. रिकामा झालेला बॉक्स आणि गंजून बसलेला फिलर, अशी गाडी टोचन करून न्यावी लागते.

७. सिंक्रो रिंग चांगली की झिजलेली, हे मोजायचं कसं?

रिंग धुवून कोरडी करा. आतल्या बाजूला बारीक आटे दिसतील. चांगल्या रिंगच्या आट्यांची धार नखाला टोचते, झिजलेल्या रिंगचे माथे सपाट आणि आरशासारखे चकचकीत असतात. आता गिअरच्या कोनाला थेंबभर ऑइल लावा, रिंग वर ठेवा, अंगठ्याने दाबत अर्धा फेरा फिरवा. चांगली रिंग पाव फेऱ्यातच चावते, हाताला कळतं. झिजलेली सुळसुळीत फिरत राहते.

हे पाहून झालं की फीलर गेज. रिंग हाताने घट्ट दाबून रिंग आणि गिअरच्या डॉग दातांमधली फट तीन ठिकाणी मोजा. जिप्सीत नव्याची १.० ते १.४ मिमी, आणि ०.५ मिमीच्या खाली रिंग बाद. तीन ठिकाणी तीन आकडे आले तर रिंग वाकडी आहे, सरासरी काढू नका, बदला. नवी रिंग बसवूनही फट कमी येत असेल तर गिअरचा कोनच झिजला आहे आणि गिअर बदलावा लागेल.

कोनावर निळसर डाग दिसले तर तो तापला आहे. कोन पॉलिश पेपरने "साफ" करू नका. हलका स्कॉच ब्राइट पुरे.

८. ड्रेन केलेल्या ऑइलमध्ये धातू दिसतो. घाबरायचं का?

ते रूपावर आहे. चुंबकावर करडी मलई, बोटावर चोळली तर कणच लागत नाहीत: वयानुसार ठीक. उन्हात ऑइल पिवळं चमकतं आणि चुंबक ते उचलत नाही: पितळ, म्हणजे रिंग (प्रश्न ७). पातळ चंदेरी पापुद्रे: बेअरिंगच्या रेसचा किंवा दाताचा वरचा कठीण थर सुटतोय, फार दिवस चालवू नका. धारदार तुकडा, एखादा रोलर, वॉशरचा चंद्रकोर: गाडी आहे तिथेच उभी करा. तो तुकडा दोन गिअरमध्ये आला की हाउसिंगच फुटतं.

९. ऑइल दुधासारखं पांढरट झालंय. नदीतून गाडी काढली होती.

पाणी गेलं आहे. बॉक्स तापलेला असतो, वहाळात किंवा पऱ्यात थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायचं छिद्र), नाहीतर सीलच्या ओठांवरून, पाणी आत ओढलं जातं. जोरात पाणी मारण्याची गरजच नसते.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी ड्रेन प्लग जेमतेम सैल करा, पाणी आधी येतं. मग पूर्ण काढा, स्वस्त जीएल-४ भरा, दहा-पंधरा किलोमीटर सगळे गिअर वापरत चालवा, गरम असतानाच काढा. पांढरटपणा राहिला तर पुन्हा. रॉकेल-डिझेल भरून गाडी चालवू नका, नीडल बेअरिंगला तेवढ्यात चरे पडतात. ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरेन्शियल याच दिवशी पाहा.

पुढच्या पावसाआधी ब्रीदरला नळी लावून बॉनेटखाली उंच घ्या. पन्नास रुपयांची नळी आहे. पाणी पंधरा दिवसांपेक्षा जास्त आत राहिलं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, नीडल आणि रेसवर गंजाचे खड्डे पडलेले असतात.

१०. आम्ही मुंबईला असतो, गाडी गावाला. गणपतीला आणि मे महिन्यातच चालते. काय जपावं?

उभ्या गाडीत ऑइल खाली बसतं, वरचे शाफ्ट उघडे राहतात आणि कोकणातल्या दमट हवेने त्यांना गंज धरतो. गावात कुणी चालवणारं असेल तर दर पंधरवड्याला गाडी किमान दहा किलोमीटर, बॉक्स हाताला गरम लागेपर्यंत, चालवायला सांगा. नुसतं अंगणात स्टार्ट करून ठेवणं वाईटच: बॉक्स कोमट होतो, आत दव धरतो आणि ते सुकत नाही. कुणीच नसेल तर जूनच्या आधी ताजं ऑइल भरून जा. पुळणीवर गाडी नेली असेल तर खालून साध्या पाण्याने धुवा, मात्र सील आणि ब्रीदरवर प्रेशरची धार धरू नका.

११. कुठले दात चालतील, कुठले नाहीत? वेल्डिंग करून चालतं का?

भाराच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे चार-दोन ठिपके चालतात. ठिपके जोडून पट्टा झाला, कडेचा कपचा उडाला, किंवा पायथ्याशी बारीक भेग दिसली तर गिअर बाद. भेग दिसत नसेल तर दात डिझेलने ओला करून पुसा आणि खडूची पूड लावा, भेगेतून डाग उमटतो. आणि लक्षात ठेवा, एकमेकांना लागणारे दोन्ही गिअर जोडीनेच बदलायचे. झिजलेल्यावर नवा बसवला तर नवा रडतो आणि जुना मोडतो.

दातांवर वेल्डिंग नको. दात वरून कठीण, आतून चिवट असे बनवलेले असतात, वेल्डिंगने कठीणपणा जातो आणि शेजारचा दात ठिसूळ होतो. फोर्कचा झिजलेला पाय भरून घासता येतो, तो चालतो. हाउसिंगमध्ये बेअरिंगची जागा सैल झाली असेल तर पंच मारून बेअरिंग घट्ट करणं हा आजचा दिवस ढकलण्याचा प्रकार. थोडीच सैल असेल तर बेअरिंग रिटेनिंग कंपाउंड, जास्त असेल तर बोअर करून स्लीव्ह. हे काम मिरजोळे, खेर्डी किंवा कुडाळच्या एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवर होतं, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात.

१२. ओव्हरहॉल करू की कुर्ल्याहून जुना बॉक्स आणू?

हाउसिंग फुटलं असेल किंवा तीनपेक्षा जास्त गिअर बाद असतील तर जुना बॉक्स परवडतो, नाहीतर ओव्हरहॉल. जुना घेताना टॉप शाफ्टचे स्प्लाइन मोजा, बेल हाउसिंगचे बोल्टहोल आपल्याशी जुळवा, शाफ्ट वर-खाली हलवून पाहा, प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवा. आणि ड्रेन प्लग उघडून पाहा. आत ताजं, घट्ट ग्रीससारखं ऑइल असेल तर आवाज दाबायला भरलेलं आहे.

१३. बेअरिंग बदलताना काय चुकतं?

जुन्यावरचा नंबर अक्षरांसकट उतरवा, शेवटी सी-३ (आत जास्त मोकळीक असलेलं) असेल तर सी-३ च घ्या. शाफ्टवर बसवताना आतल्या रेसवरच दाब द्या, बाहेरच्या रेसवर हातोडी पडली की बेअरिंग नवं असतानाच गेलं. तेलात १०० अंशांपर्यंत तापवलं की हाताने बसतं. गॅसच्या ज्योतीखाली धरू नका. टी-९० उघडताना टॉप शाफ्टच्या आतले रोलर फडक्यावर पडतील असंच काढा आणि मोजून ठेवा. एक कमी पडला तर बाकीचे तिरके होतात.

१४. सील नवं टाकलं तरी तेल गळतंच.

सीलचा दोष नसतो, शाफ्टला त्याच्या ओठाची खाच पडलेली असते. नवं सील दोन मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. ब्रीदर मातीने बंद असेल तरी दाबाने तेल सीलमधूनच येतं, लाल मातीच्या रस्त्यांवर हे फार होतं.

जुन्या जीपमध्ये वेगळा प्रकार: बॉक्सचं तेल कमी होतं आणि खाली थेंब नाही. बॉक्स आणि ट्रान्सफर जोडलेले आहेत, मधल्या बेअरिंगमधून तेल पलीकडे जातं. दोन्ही लेव्हल एकदमच पाहा. इंटरमीडिएट शाफ्टच्या मागून गळत असेल तर प्रश्न ४.

१५. फोर-व्हील अडकलाय, लिव्हर परत येत नाही.

डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळणं घेतली असतील तर पुढची-मागची चाकं वेगळी फिरून शाफ्ट पिळले गेले आहेत. लिव्हरला हातोडी नको. सरळ पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या आणि त्याचवेळी लिव्हर हलक्या हाताने ओढा. नाहीच आला तर पुढचं एक चाक जॅकवर उचला, पीळ सुटतो. वारंवार होत असेल तर चारही टायरचा घेर मोजा. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर ट्रान्सफर खोलून काही सापडणार नाही.

१६. बॉक्स खोलून बसवला. आता एकदम दोन गिअर पडतात आणि गाडी जागच्या जागी जाम होते.

ताबडतोब थांबा, क्लच सोडू नका. शिफ्ट रॉडच्या मधली इंटरलॉक पिन (एका वेळी एकच गिअर पडू देणारी) राहिली आहे, किंवा डिटेंटच्या गोळ्याच्या जागी पिन आणि पिनच्या जागी गोळा गेला आहे. ती पिन तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते आणि रॉड काढताना खाली घरंगळते, बहुतेकदा धुण्याच्या ट्रेच्या तळाशी गाळात सापडते. नव्याने बसवताना पिनला ग्रीस लावून छिद्रात चिकटवा, एक रॉड न्यूट्रलला ठेवूनच दुसरा सरकवा. बॉक्स गाडीखाली नेण्याआधी टेबलावरच एक रॉड गिअरमध्ये टाका आणि दुसरा स्क्रूड्रायव्हरने ढकलून पाहा. तो हलता कामा नये.